तो नको, ती नको, नाव घे

“नाव के!”

असं म्हणून ती टेबलावर दोन बटणं ठेवायची. एक तपकिरी, कोटाचं. दुसरं पांढरं, शर्टाचं. ठेवताना टक्‌ टक्‌ असा आवाज व्हायलाच हवा. झाला नाही, तर उचलून पुन्हा ठेवायची.

रेवा, ईशान, “नाव के” म्हणजे “नाव घे”. “घ” तिच्या जिभेला कधी जमला नाही. न्यू जर्सीतल्या हॉस्पिटलात एक चिनी बाई मराठीत “नाव घे” का म्हणत होती, ते तुम्हाला सांगायचं आहे. क्रमाने सांगते. क्रम सोडून मला काही सांगता येत नाही, हे तुमच्या आईला विचारा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तुमची आई तेव्हा तुमच्याएवढी होती. मी हॉस्पिटलच्या तळघरात मेडिकल रेकॉर्ड्समध्ये टायपिंग आणि फायलिंग करत होते, आणि ती पलीकडच्या खोलीत एक्स-रेच्या फिल्मा नंबरवार लावत होती. तैवानहून आलेली, बुटकी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, स्वेटरचं वरचं बटण कायम तुटलेलं. जॅमच्या रिकाम्या बरणीत चहाची पानं टाकून दिवसभर त्यावर गरम पाणी ओतायची. संध्याकाळपर्यंत त्या पाण्याला नुसता चहाचा भास उरायचा, पण ती शेवटचा घोटही चवीने घ्यायची. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणून मला “बिग सिस्टर” म्हणायची. तिचं नाव मी लिहीत नाही. दुसऱ्यांना नाव घ्यायला लावणारी ही बाई स्वतःच्या नावाच्या बाबतीत फार लाजाळू होती.

आम्हा दोघींना आणखी एक काम होतं, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. वरच्या मजल्यावर एखादा पेशंट आला आणि त्याचं बोलणं कोणाला कळेना, की तळघरात फोन वाजायचा. चेहरा आपल्यासारखा असला की मला बोलावणं, चिनी असला की तिला. एकदा मला एका तमिळ आजोबांपुढे उभं केलं. मला तमिळचं अक्षर येत नाही. मी त्यांच्या उशा सरळ केल्या आणि परत आले. नर्स म्हणाली, “थँक यू, यू वेअर सो हेल्पफुल!”

तिला मात्र खरोखरच बोलता यायचं. अडचण एकच होती. इंग्रजी बोलताना तिचे “ही” आणि “शी” कुठेही जाऊन बसायचे.

“आज माझा नवरा घरीच आहे. तिला ताप आलाय.”

“माझी मुलगी ऐकतच नाही. तो फार हट्टी.”

रिसेप्शनवरच्या मुली तिला मुद्दाम विचारायच्या, “तुझा नवरा कसा आहे? ती बरी झाली का?” तीही त्यांच्याबरोबर हसायची. मी नन्सच्या शाळेत शिकलेली, त्यामुळे मला राहवायचं नाही. “शी नव्हे, ही!” असं मी दिवसातून चारदा म्हणायचे. त्यावर ती मान डोलावून म्हणायची, “बरोबर. ही. तिला ताप आलाय.”

एकदा तिने मला कारण सांगितलं. तिच्या भाषेत लिहिताना “तो” आणि “ती” यांची चिन्हं वेगळी, पण बोलताना दोघांनाही एकच शब्द, “था”. मारणं म्हणजे “ता”. म्हणून “त्याने तिला मारलं” हे “था ता था”. आणि “तिने त्याला मारलं”? तेही “था ता था”.

“हे तर तबल्याचे बोल झाले,” मी म्हटलं. “मग कोणी कोणाला मारलं हे कळतं कसं?”

“शेजाऱ्यांना आधीच माहीत असतं,” ती म्हणाली.

मीही तिला आमची गंमत सांगितली. इंग्रजीतला “ही” म्हणजे पुरुष, आणि मराठीतली “ही” म्हणजे बाई. ती इतकी खूश झाली की बरणीतला चहा फिल्मांवर सांडता सांडता राहिला. तुम्ही फोनवर “आजी, तू कधी आला?” असं विचारता ना, तेव्हा मी तुम्हाला रागावत नाही, त्याचं श्रेय तिला द्या.

उखाण्याची गोष्टही अशीच जेवणाच्या सुट्टीत निघाली. तिने विचारलं, “बिग सिस्टर, तू नेहमी ‘माय हजबंड’ म्हणतेस. त्याला नाव नाही?” मग मी तिला समजावलं. आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव उच्चारत नाहीत, नुसतं “हे” म्हणतात. फक्त लग्नात, मंगळागौरीला सगळ्याजणी “नाव घे, नाव घे” म्हणून मागे लागतात, आणि मग ओळी जुळवून नाव घ्यावं लागतं.

“आमच्याकडेही तसंच,” ती म्हणाली. “मुलांचा बाप, घरातला तो. पण तुमचे लोक शहाणे. नाव घ्यायची प्रॅक्टिस तरी करून घेतात. मग घे ना! नाव के!”

मी लोणच्याची बाटली तिच्यापुढे सरकवून विषय टाळला.

त्या हिवाळ्यात एक तरुण चिनी बाई इमर्जन्सीत आली. भुवईवर टाके, दंडावर मोठा काळानिळा डाग. नवरा कुठल्याशा प्रयोगशाळेत संशोधक, सुरेख इंग्रजी, नर्सला तीनदा थँक यू म्हणणारा. बायकोला इंग्रजी जेमतेम. तळघरात फोन वाजला आणि ही वर गेली. डोक्याला मार होता म्हणून बाईला रात्रभर ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद टाइप करायला माझ्याकडे आला. पेशंट म्हणते, “शी हिट मी.” खाली नर्सच्या अक्षरात : घरात राहणारी सासू. नवऱ्याला विचारलं, त्याने आई तापट असल्याचं सांगितलं. त्याखाली सोशल वर्करचा निर्णय : सासूला दुसऱ्या राज्यातल्या थोरल्या मुलाकडे पाठवावं. पेशंटला आज चार वाजता नवऱ्याबरोबर घरी सोडावं.

मी कागद मशीनला लावला. आडनाव आणि पत्ता टाइप करताना बोटं थांबली. हाच पत्ता मी आदल्या आठवड्यात टाइप केला होता. माझ्या हातून गेलेला पत्ता मी विसरत नाही. उठून फाइल काढली. सासूबाई, बर्फावर घसरल्या. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर. डावा खांदा आखडलेला, हात छातीच्या वर जात नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला विचारलं, “काल तू ज्या बाईसाठी वर गेलीस, तिला कोणी मारलं?”

“नवऱ्याने.”

“कागदावर सासू आहे.”

ती हसली. “सासू? तिचा हात प्लास्टरमध्ये आहे. तिची फिल्म मीच लावली.”

“मग ‘शी हिट मी’ कोण म्हणालं?”

तिने चहाच्या बरणीचं झाकण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. ती बाई म्हणाली होती, “था ता वो”, म्हणजे “त्याने मला मारलं”. ते इंग्रजीत सांगून ही लगेच दुसऱ्या फोनला धावली होती.

“मी ‘शी’ म्हटलं?”

“तू नेहमीच म्हणतेस.”

हे वाक्य मी इतकी वर्षं हसत म्हणत आले होते. त्या दिवशी ते तोंडातून बाहेर पडलं आणि मला माझीच लाज वाटली. इमारतीतल्या आम्ही सगळ्यांनी त्या चुकीची करमणूक केली होती. एकीनेही बसून ती सुधारून घेतली नव्हती. आणि आता त्या चुकीपायी एक बाई चार वाजता त्याच माणसाच्या गाडीत बसून जाणार होती, आणि घरात तिसरं माणूसही उरणार नव्हतं.

तळघराच्या भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला होता.

गप्प बसणं सोपं होतं. तिची चूक माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हती. सांगितली, तर ते वरचे फोन बंद होणार, हे तिला माझ्याआधी कळलं. आणि मुलांनो, त्या फोनवर तिचा जीव होता. फोन आला की ती आरशात बघून केस सारखे करायची.

तिने त्या दिवशी केस सारखे केले नाहीत. तशीच जिना चढली. मी फाइल घेऊन तिच्या मागे.

सोशल वर्कर उंच, पांढऱ्या केसांची, कडक बाई होती. तिने सगळं ऐकलं, फाइल पाहिली, चष्मा काढला.

“चूक पेशंटची की तुझी?”

“माझी. तोंड माझं, चूक माझी.”

“मग तू आजवर सांगितलेलं सगळं?”

“तेही काढा,” ती म्हणाली. “सगळं तपासू. पण आधी ही बाई.”

सोशल वर्करने चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाली, “तुला नंतर आठवलं म्हणून मी कागद बदलू शकत नाही. मला तिच्याकडून कळायला हवं. आणि या वेळी ‘ही’ की ‘शी’ हा प्रश्नच पडता कामा नये.”

जिन्यात ती थांबली. “बिग सिस्टर, तुझा सुईदोऱ्याचा डबा आहे ना?”

माझ्या खणात तो डबा नेहमी असे. त्यातून तिने ही दोन बटणं काढली.

खोलीत ती तरुण बाई उशीला टेकून बसली होती. कोपऱ्यातल्या खुर्चीत तिची सासू. लेकाने तिला सकाळी इथे सोडलं होतं. प्लास्टर मांडीवर, दोन गुडघ्यांत एक संत्रं धरलेलं, आणि डाव्या हाताने ती ते सुनेसाठी सोलत होती. कागदावर आपलं नाव चढलंय हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सोशल वर्कर तिला बाहेर पाठवणार होती. सुनेने सासूची बाही धरली, सोडेचना. मग राहू दिलं.

टक्‌. टक्‌. जेवणाच्या फिरत्या टेबलावर बटणं ठेवली गेली. यांतलं एक तुझं, कुठलं ते तू ठरव, असं हिने तिला सांगितलं असावं, कारण त्या मुलीने पांढरं बटण जवळ ओढलं. मग बोट लावून तपकिरी बटण सरकवत आणलं आणि पांढऱ्यावर आपटलं. दोनदा.

“तपकिरी कोण?”

मुलगी काहीतरी पुटपुटली. ही आमच्याकडे वळून म्हणाली, “म्हणते, आमच्या घरातला... आमच्या घरातली...” आणि थांबली. तिने मान हलवली. “दोन्ही होतं. मी अंदाज करणार नाही.”

मग माझ्याकडे बघून तिने मराठीत, अगदी हळू म्हटलं, “नाव के.” आणि तेच तिच्या भाषेत त्या मुलीला.

मुलीने सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आईसमोर तिच्या लेकाचं नाव कसं घेणार? मला ते कोणी समजावून सांगायला नको होतं.

सोशल वर्कर म्हणाली, “माझ्या कागदाप्रमाणे तपकिरी म्हणजे सासू. तसं आहे का, विचार.”

जसं सांगितलं तसंच पोचवायचं, हा हिचा नियम. म्हातारीच्या देखत तिने ते जसंच्या तसं चिनीत विचारलं.

संत्रं थांबलं. म्हातारीने आधी आपल्या प्लास्टरकडे पाहिलं. मग सुनेच्या टाक्यांकडे. मग संत्रं खुर्चीवर ठेवून ती उठली, टेबलाशी आली, डाव्या हाताने तपकिरी बटण उचललं आणि एक नाव उच्चारलं. आडनावासकट, तीन अक्षरी. परत एकदा, मोठ्याने. अर्थ मला कळला नाही, पण सूर ओळखीचा होता. लेकाने काचेची बरणी फोडली की आई जशी पूर्ण नावाने हाक मारते ना, तसा.

सोशल वर्करने फाइलमधलं नवऱ्याचं नाव बोटाने दाखवलं. “हे?”

“हे,” ही म्हणाली. मग ताठ उभी राहून, एकेका शब्दावर जोर देत तिने इंग्रजीत सांगितलं, “ही हिट हर. नॉट शी. ही.” म्हातारी अजून बोलत होती, तेही हिने सांगितलं. “म्हणते, ह्याचा बापही असाच होता. तेव्हा मीही सगळ्यांना ‘पडले’ म्हणून सांगत होते.”

तेव्हा कुठे त्या मुलीने तोंड उघडलं आणि स्वतः ती तीन अक्षरं उच्चारली. हळू, पण पूर्ण.

नवा कागद मी तिथेच टाइप केला, नर्सच्या टेबलावर, कार्बन लावून. त्यात “ही” नव्हता, “शी” नव्हती. नुसती नावं. त्या मुलीने सही केली तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

मग नवीन घोळ. अशा बायकांना ठेवणारं एक घर काउंटीत होतं. तिथे बाई चालत होती, बाईची मुलं चालत होती. बाईची सासू चालते का, हे कोणालाच माहीत नव्हतं. आजवर कोणी सासू घेऊन आलंच नव्हतं म्हणे! फोनाफोनी चालू असताना म्हातारी आपली टोपी घालून, सोललेलं संत्रं पिशवीत टाकून, न्यायला आलेल्या गाडीत सुनेच्या आधी जाऊन बसली. तिला उतरवायची कोणाची हिंमत होती?

चार वाजता नवरा आला. सोशल वर्कर लिफ्टपाशी उभी होती. तिने त्याला त्याच्या नावाने हाक मारली, म्हातारीकडून ऐकली तशीच, तिन्ही अक्षरं. त्याच्या तोंडून त्या दिवशी थँक यू आलं नाही.

त्यानंतर आम्ही दोघींनी जुन्या फायली खरोखरच काढल्या. महिनाभर, जेवणाच्या सुट्टीत. “ही-शी”ची अदलाबदल आणखी एकाच ठिकाणी सापडली, तीही खोकल्याच्या पेशंटची. पण दुसरंच एक दिसलं. कितीतरी कागदांवर “कोणी” हा शब्दच नव्हता. जिन्यावरून पडली. कपाटाचं दार लागलं. घरात वाद झाला. मला आपल्याकडच्या बायका आठवल्या. आपणही “लागलं” म्हणतो. कोणी लावलं, ते वाक्यात कुठेच येत नाही. त्याला चिनी भाषा यायला लागत नाही.

मग मी एक नवा फॉर्म टाइप केला. अगदी साधा. दोन ओळी. कोणी, नाव. कोणाला, नाव. सोशल वर्करने तो वाचला आणि म्हणाली, “हे आधीच का नव्हतं?” फोनही बंद झाले नाहीत. उलट तिने हुकूम काढला, की ही वर येईल तेव्हा बटणं घेऊन येईल.

एकदा एका रेस्टॉरंटमधला आचारी आला, कपाळावर टेंगूळ. कढई अंगावर पडली म्हणाला. नव्या नियमाप्रमाणे त्यालाही विचारायचं होतं. नर्सला हसू आलं, “याला काय विचारायचं? हा तर पुरुष!” ही हसली नाही. “बटणाला मिशी नसते,” ती म्हणाली, आणि दोन्ही बटणं त्याच्यासमोर ठेवली. त्याने आधी हात एप्रनला पुसले. मग त्याने तपकिरी आपल्याकडे घेतलं आणि पांढरं त्यावर आपटलं. दोन ओळी त्याच्याही भरल्या गेल्या.

तिच्या “ही-शी”त फरक पडला असेल असं तुम्हाला वाटेल. कागदावर पडला. एरवी नवऱ्याला ताप आला की तिलाच यायचा.

दशक संपता संपता ती कॅलिफोर्नियाला मुलीजवळ राहायला गेली. निरोपाला तळघरात केक कापला, सोशल वर्करही खाली आली. ही एकदम माझ्याकडे वळली. “बिग सिस्टर, इतकी वर्षं टाळलंस. नाव के!”

अमेरिकन मंडळींना काय चाललंय कळेना, पण टाळ्या सुरू झाल्या. मी पदर नसलेल्या खांद्यावरून पदर सारखा केला आणि म्हटलं,

“एक्स-रेच्या काळ्या फिल्मवर पांढरं दिसतं हाड,
वसंतरावांचं नाव घेते, चहाची बरणी काढ!”

तुमच्या आजोबांचं नाव लग्नानंतर मी पहिल्यांदा असं खणखणीत घेतलं, ते त्या तळघरात. तिला एक अक्षर कळलं नव्हतं, पण “वसंतराव” तेवढं तिने बरोबर टिपलं. म्हणाली, “छान नाव. शोभतं तिला.”

जाताना पांढरं बटण तिने माझ्या डब्यात परत टाकलं. तपकिरी स्वतःकडे ठेवलं. तिच्या स्वेटरचं वरचं बटण तुटलेलंच होतं, पण तिने ते तिथे लावलं नाही.

मागच्या वर्षी बर्फावर पडून मी त्याच हॉस्पिटलात गेले होते, आठवतं ना? तुम्ही फोनवर रडला होतात. तिथे एका पोरसवदा नर्सने आजोबांना आधी बाहेर बसवलं, मग मला विचारलं, “तुम्हाला कोणी इजा केली का?” तिच्या हातातल्या फळीवर छापील फॉर्म होता. बाकीचं सगळं बदललं होतं. त्या दोन ओळी होत्या. मी म्हटलं, “बर्फाने.” मग आजोबांच्या पाठीत उसण भरली म्हणून त्यांनाही आत घेतलं, आणि मला बाहेर काढून त्यांनाही तेच विचारलं! ते अजून चिडलेले आहेत. मी बाकावर बसून इतकी हसले, की पायाचं दुखणं विसरले.

हे तिला कळवायचं म्हणून मी पत्र लिहायला घेतलं, त्याच आठवड्यात तिच्या मुलीचं पाकीट आलं. आत तपकिरी बटण, आणि शुद्ध, सुंदर इंग्रजीत चार ओळी. आई गेल्या महिन्यात गेली. शांतपणे गेली. हे बटण बिग सिस्टरला पाठव, असं तिने सांगून ठेवलं होतं.

मी ते पत्र दोनदा वाचलं. त्यात “शी” तीनदा आलं होतं. तिन्ही वेळा अगदी बरोबर. मला ते मुळीच आवडलं नाही.